चार हात जमीन

आमच्या घरी एक फियाट आहे. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण निपाणीत तिला पद्मिनी म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. आण्णांनी ती १९७८ साली घेतली. तेव्हा नंबर लावून गाडीची वाट बघावी लागे. त्यामुळं ती दारात आली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती. आण्णांना आणखी एक अभिमान होता. प्रीमियर कंपनी १९४४ साली काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. म्हणजे आराखडा इटलीचा असला तरी गाडी ‘आपल्या माणसानं बांधलेली’, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आण्णा जाऊन बारा वर्षं झाली. गाडी अजून चालते. धाकटा भाऊ दर रविवारी ती पुसतो आणि महिन्यातून एकदा बाहेर काढतो. आत बसलं की जुन्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा तोच वास येतो, आणि क्षणभर वाटतं की आण्णा आता ‘दार नीट ओढून घे’ म्हणणार.

गेल्या वर्षी, पर्युषणाच्या आधीच्या आठवड्यात, आम्ही बेळगावहून परत येत होतो. पुण्याच्या पाहुण्यांना किल्ल्यातली कमल बस्ती दाखवायची होती, म्हणून भावानं मुद्दाम फियाट काढली. गाडीत आम्ही पाचजण. संकेश्वर मागं पडलं आणि तवंदी घाट आला. बारीक पाऊस होता. पुढं एक भरलेला ट्रक हळूहळू उतरत होता आणि भाऊ त्याच्या मागं ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी उतरवत होता. काहीतरी जळाल्यासारखा वास आला. मला वाटलं, ट्रकचा असेल.

ट्रक बाजूला झाला, आम्ही पुढं निघालो, आणि वळणापलीकडं डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. भावानं ब्रेक दाबला. पेडल खाली जाऊन टेकलं आणि गाडी चाललीच. त्यानं दोन-तीनदा पंप मारला, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ती बाई यांच्यात दोन-अडीच हातांचं अंतर होतं.

ती ओरडली नाही. भारा खाली ठेवला, आमच्याकडं नाही, गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, “थांबत न्हाई व्हय गाडी तुमची?”

रागानं नव्हे, खरंच विचारावं तसं. भाऊ एवढंच म्हणाला, “चुकलं मावशी.” तिनं भारा पुन्हा डोक्यावर घेतला आणि ती निघून गेली. स्तवनिधीला पार्श्वनाथाच्या दर्शनाला थांबायचं ठरलं होतं. थांबलो, पण देवळात मी काय म्हटलं ते आज मला आठवत नाही. तो प्रश्न मात्र आठवतो.

घरी आल्यावर वाद सुरू झाला. भाचा बेळगावात इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, “मामा, पुढच्या दोन चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवूया.” भाऊ एकदम तुटून पडला. “आण्णांनी घेतली तशी ठेवायची आहे मला. एकदा कापाकापी सुरू केली की तिच्यात आण्णांचं काय राहणार?”

खरं सांगायचं तर मी भावाच्या बाजूची होते. आण्णांचा चष्मा मी अजून त्याच डबीत ठेवला आहे. काच तडकलेली आहे ती बदललेली नाही. गेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावताना आपण त्या माणसालाच हात लावतोय असं वाटतं. शिवाय आता अशा गाडीला मान आला आहे. सरकारनं २०२१ साली नियम केला की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. आमच्या गाडीची पन्नास भरायला थोडीच वर्षं उरली आहेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्याच. जे संपत चाललंय ते जसंच्या तसं जपावं, यात चूक काय?

चूक काय ते मला तर्कानं कळलं नाही. मिस्त्रींनी ड्रम उघडून दाखवला तेव्हा कळलं.

मिस्त्री सत्तरीचे आहेत. आण्णांच्या वेळेपासून गाडी तेच बघतात. त्यांनी चाक काढलं आणि ड्रम ओढायच्या आधी आतल्या धुळीवर पाणी मारलं. पूर्वी ही धूळ ते कॉम्प्रेसरनं फुंकून काढत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते छातीत गेलं की परत निघत नाही. “आमच्यातले दोघं खोकूनच गेले, ताई,” ते सहज म्हणाले. मी चाळीस वर्षं त्या गाडीत बसले होते. तिच्या थांबण्याची किंमत अशीही कुणीतरी देत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग त्यांनी रचना दाखवली. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं पातेलं. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं ते बाहेरच्या बाजूला उघडतात आणि पातेल्याच्या आतल्या भिंतीला घासतात. यात एक गंमत आहे. फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळं शू आपोआप आणखी घट्ट बसतो आणि पायाला जोर कमी लागतो. म्हणून शहरात, सपाटीवर, हा ब्रेक कधी कमी वाटत नाही.

घाटात मात्र घर्षणाची उष्णता त्या बंद पातेल्यातच साठत जाते. किती? भाच्यानं वहीत हिशेब मांडला. गाडी शंभर मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जी शक्ती जिरवावी लागते, ती ताशी ६० किलोमीटर वेगावरून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. इंजिनानं आणि हवेनं त्यातला वाटा उचलला नाही तर सगळा भार त्या लायनरवर. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब सरकतो, आणि पेडल खोल जाऊ लागतं. लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात हवेतलं पाणी शिरलेलं असतं. ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, दाब पुढं पोचवत नाही. तवंदी घाटात आमच्या बाबतीत हे सगळं एकाच वेळी झालं होतं.

डिस्क उघडी असते. लोखंडी थाळी चाकाबरोबर फिरते आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. वारा लागतो, उष्णता निघून जाते, पावसाचं पाणी फेकलं जातं. थाळी तापून फुगली तरी पॅडपासून लांब जात नाही. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. १९५३ साली फ्रान्समधली ल माँची शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वारनं जिंकली आणि जगाचं लक्ष तिकडं गेलं. त्याच १९५३ साली इटलीत ती फियाट ११०० बाजारात आली, जिच्या वंशातली आमची गाडी. म्हणजे आण्णांनी गाडी घेतली तेव्हाही यापेक्षा चांगलं थांबणं जगाला ठाऊक होतं. आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच.

आता प्रश्न नीतीचा.

आपल्याकडं हिंसेचा विचार फार बारकाईनं झाला आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे तिचे भेद आपण पाठशाळेत पाठ केले. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, शेत नांगरावं लागतं. तिथली हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही. ठरवून केलेली हिंसा मात्र त्यानं सोडायचीच. मग घाटात ती बाई आमच्या गाडीखाली आली असती तर ती कुठली हिंसा? ठरवून केलेली नक्कीच नाही. भाऊ मुंगी चिरडली तरी हळहळणारा माणूस. पण उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना हेतूच्याही मागं जाऊन प्रमादावर बोट ठेवलं आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. प्राण जाण्याला गाफीलपणा जोडला गेला की ती हिंसा. आणि शास्त्रकार पुढं जाऊन असंही सांगतात की गाफील वागणाऱ्याकडून समोरचा जीव वाचला तरी त्याला दोष लागतो, आणि पूर्ण सावध असणाऱ्याच्या पायाखाली नकळत जीव आला तरी त्याला तो बंध लागत नाही.

याचा अर्थ मला त्या आठवड्यात नव्यानं कळला. घाटापूर्वी आम्हाला माहीत नव्हतं. घाटानंतर माहीत झालं. पेडल एकदा खाली टेकलेलं बघितल्यावर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय संपली. आता तशीच गाडी बाहेर काढणं म्हणजे कुणी मेलं नाही तरी प्रमादच.

आणि ‘जसंच्या तसं जपावं’ या म्हणण्यातली चूकही इथंच आहे. आण्णांचा तडकलेला चष्मा मी जपते, त्याचा त्रास कुणाला होत नाही. आठवण माझी, तिची किंमतही मीच देते. रस्त्यावरच्या गाडीचं तसं नसतं. आठवण आमची आणि धोका त्या गवतवाल्या बाईचा, जिनं आण्णांना कधी बघितलंही नाही. आपल्या जिव्हाळ्याचा खर्च परक्याच्या नावावर मांडायचा, हा कुठला हिशेब? आण्णा तंबाखूचे व्यापारी होते. रोजकीर्द स्वतः लिहायचे. दुसऱ्याच्या खात्यावर आपला खर्च टाकणाऱ्याला ते काय म्हणायचे, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आईनं तिसरी वाट सुचवली. “गाडीच कशाला लागतीया? लावून ठेवा शेडात. न्हाईतर देऊन टाका.” अपरिग्रहाच्या बाजूनं बघितलं तर तिचंच बरोबर होतं, आणि अजूनही कधी कधी वाटतं की तेच खरं उत्तर आहे. भावाला ते जमेना. मग मी म्हटलं, “सोडता येत नसेल तर निदान थांबवता आली पाहिजे.” श्रावकाचं व्रत अणुव्रत असतं ते याचसाठी. पूर्ण सुटत नाही म्हणून काहीच करायचं नाही, असं नसतं.

तरी भाऊ हलला नाही. हलला तो क्षमावाणीच्या दिवशी. दहा दिवसांच्या दशलक्षणानंतर आपण सगळ्यांची क्षमा मागतो. हल्ली ती मोबाइलवरच मागितली जाते, एका बोटानं दोनशे माणसांची. भावानं तशी मागितली, मग माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, “आक्का, ज्यांचं मी काही बिघडवलं नाही त्यांची क्षमा मागून झाली. तिचं नावसुद्धा ठाऊक नाही.” थोड्या वेळानं म्हणाला, “सापडली तरी काय म्हणणार? पुढच्या महिन्यात तोच ब्रेक घेऊन तिथनंच उतरणार असेन तर?” दुसऱ्या दिवशी तो मिस्त्रींकडं गेला.

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं, आणि त्यातही शिकण्यासारखं होतं. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करू नये. म्हणून भाऊ आधी आरटीओत जाऊन लेखी विचारून आला. मग मिस्त्रींनी आम्हाला बसवून सांगितलं, “नुस्ती डिस्क लावून चालत न्हाई, ताई. निम्मं बदललं तर पहिल्यापेक्षा वाईट.”

त्याचं कारण असं. डिस्कला ड्रमसारखी स्वतःला ओढून घेण्याची सवय नसते, म्हणून तिला जास्त दाब लागतो. पायाचा जोर पुरत नसेल तर इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर बसवावा लागतो. कॅलिपरला तेलही जास्त लागतं, तेव्हा जुना मास्टर सिलिंडर पुरत नाही. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राहावा म्हणून एक व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि ब्रेक न दाबताच तापतात. मागं ड्रमच राहणार, त्यामुळं पुढच्या-मागच्या चाकांचा तोल साधावा लागतो. मागची चाकं आधी जाम झाली तर ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते. पुढच्याच चाकांना डिस्क का, तर ब्रेक लागला की गाडीचा भार पुढं येतो आणि थांबवायचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात. शिवाय आमच्या गाडीत चारही चाकांचा तेलाचा मार्ग एकच होता. कुठंही गळती झाली की चारही ब्रेक गेले. मिस्त्रींनी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर घातला. आता एक मार्ग गेला तरी दुसरा राहतो.

कॅलिपर धरायचं ब्रॅकेट उद्यमबागेतल्या एका लेथवर करून घेतलं. भावाची एकच अट होती: मूळ गाडीला कुठं कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. सगळं बोल्टनं बसलं पाहिजे. मिस्त्रींनी ती पाळली. काढलेले ड्रम, शू, प्लेटा साफ करून, तेल लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत. पुढच्या पिढीला आमचं चुकलं असं वाटलं तर त्यांनी गाडी पुन्हा होती तशी करावी. बदल करणाऱ्यानं परतीची वाट बुजवू नये, हे मला पटलं. आपलं मत शेवटचं नाही एवढं तरी अनेकांतवाद शिकलेल्या माणसाला कळायला हवं.

‘तिच्यात आण्णांचं काय राहणार’ हा भावाचा प्रश्न मात्र मनात होता. त्याचं उत्तर मला आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेतल्या दाखल्यात मिळालं. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा होता तो रडला, मुकुट हवा होता तो हसला, आणि ज्याला सोनंच हवं होतं तो शांत राहिला. वस्तू उपजते, नासते आणि टिकतेही, तिन्ही एकदमच. आमच्या घरात तिघंही होते. ड्रम निघाले तेव्हा भावाचे डोळे भरले. डिस्क चमकताना बघून भाचा खूश झाला. आई म्हणाली, “गाडी हाय ती हायच की!” आण्णांचं सोनं कुठलं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर ते बिडाच्या पातेल्यात नव्हतं. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हा त्यांचा नियम होता. ड्रम जपताना तो नियम मात्र आम्ही विसरलो होतो.

म्हणून डिस्क लागल्यावर मला एका गोष्टीची भीती वाटली. जर्मनीत म्युनिकच्या टॅक्सींवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही टॅक्सींना चाकं जाम न होऊ देणारे नवे ब्रेक बसवले, काहींना नाही. अपघात कमी झाले नाहीत. चांगला ब्रेक मिळालेले चालक गाडी जास्त बेफिकीर चालवू लागले. हाताशी आलेली सुरक्षितता माणूस वेगात खर्च करून टाकतो. आम्हीही तेच केलं तर मिस्त्रींची सगळी मेहनत पाण्यात.

आपले मुनी महाराज विहार करताना चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. ती ईर्या समिती. नजर पोचते तेवढंच चालायचं, आणि दिसलेल्या जिवापाशी थांबता येईल अशाच चालीनं चालायचं. साठच्या वेगातली गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. आपले चार हात तेवढे लांब झाले. ते तेवढे लांब झालेत याचं भान मात्र वाढलं नाही. विहारातल्या साधू-साध्वींना गाडीनं उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो. मुंगीसाठी पाऊल अडवणारा माणूस, न थांबू शकणाऱ्याच्या चाकाखाली जातो. त्या गाडीतला चालक कधी कधी आपल्यातलाच, दर्शनाला निघालेला असेल.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा घाट उतरलो. भाऊ तिसऱ्या गिअरमध्ये होता, सावकाश. मध्येच त्यानं पाय दाबला, नुसता बघायला. गाडी सरळ रेषेत, आवाज न करता थांबायला आली आणि लगेच मागून कर्कश हॉर्न वाजला. मागचा ट्रक जेमतेम आवरला होता. आमचे मागचे दिवे १९७८ चेच, मिणमिणते. आपण लवकर थांबलो म्हणून मागचा थांबतोच असं नाही. त्याला आधी दिसलं पाहिजे. घरी आल्यावर भावानं दिव्याच्या काचा पुसल्या, जास्त उजेडाचे बल्ब घातले, आणि या वेळी मूळ बल्ब माळ्यावर ठेवायचं कुणी सुचवलंही नाही.

ती बाई पुन्हा दिसली नाही. त्या वळणावर भाऊ आता दर वेळी गाडी हळू करतो. तिच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल: थांबते, मावशी. पण ते उत्तर एकदा देऊन संपत नाही, प्रत्येक वळणावर नव्यानं द्यावं लागतं.